पालखी एकटी चालत नाही

२०२२ च्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी 'विक्रांत'चा देखावा केला होता. गणपती बसले ३१ ऑगस्टला आणि २ सप्टेंबरला कोचीत नवी 'आयएनएस विक्रांत' नौदलात दाखल झाली. पोरांनी टीव्हीवर ती पाहिली, आधी ठरवलेला देखावा मोडला आणि दोन रात्री जागून पुठ्ठ्याची विमानवाहू नौका उभी केली. खाली निळी ताडपत्री, वर धावपट्टी, तिच्यावर खेळण्यातली विमानं. विमानाला उडी मिळावी म्हणून धावपट्टीचं पुढचं टोक वर उचललेलं असतं, तो उतारसुद्धा त्यांनी नेमका पकडला होता. काम देखणं होतं. मी विचारलं, "बाकीची जहाजं कुठायत?"

त्यातला मोठा पोरगा म्हणाला, "काका, बाकीची कशाला? हीच तर सगळ्यात मोठी आहे."

हे वाक्य त्या पोराचं नाही, आपण त्याला शिकवलेलं आहे. लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर, खर्च सुमारे २० हजार कोटी, हे सगळ्यांना पाठ. ती किनारा सोडते तेव्हा तिच्या पुढे कोण, मागे कोण, पाण्याखाली कोण, हे एका तरी वाहिनीने रात्री नऊच्या बातम्यांत सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि खरी गोष्ट तर तीच आहे.

परभणीकराला ही गोष्ट समजायला समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते ती आपल्या परभणीवरून, गंगाखेडवरून जाते. खांद्यावर असते तेवढीच पालखी नसते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या सरळ रांगा, मध्ये मृदंग, बाजूला रांग मोडू न देणारे लोक, मागे पाण्याचा टँकर, औषधांची गाडी. आणि शिधा घेतलेली गाडी पहाटेच पुढच्या मुक्कामाला पोचलेली. चूल पेटलेली नसेल तर दुसऱ्या दिवशी पालखी उचलणार कोण?

विमानवाहू नौकेचं तसंच आहे. तिची ताकद तिच्या विमानांत. स्वतःच्या अंगावर येणारं टोरपेडो अडवायला ती जवळजवळ असहाय. म्हणून हवेतून येणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी विनाशिका, पाणबुडीचा माग काढायला फ्रिगेटी आणि हेलिकॉप्टरं, बऱ्याचदा खाली आपलीच एखादी पाणबुडी, आणि मागे तेल, दारूगोळा, धान्य घेऊन चालणारं रसदजहाज. या सगळ्यांना मिळून ताफा म्हणायचं. नुसत्या नौकेला ताफा म्हणणं म्हणजे नुसत्या खांबाला मांडव म्हणणं.

संगत सुटली की काय होतं, ते ब्रिटिशांना विचारावं. त्यांनी किंमत मोजलेली आहे. १७ सप्टेंबर १९३९, दुसरं महायुद्ध सुरू होऊन दोन आठवडे झालेले. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला 'करेजस' ही विमानवाहू नौका चार विनाशिका घेऊन जर्मन पाणबुड्या शोधत होती. एका व्यापारी जहाजाची हाक आली म्हणून चारातल्या दोन विनाशिका तिकडे गेल्या. त्याच संध्याकाळी जर्मन पाणबुडीने 'करेजस'ला गाठलं. पाचशेहून जास्त माणसं गेली. पुढच्या वर्षी, ८ जून १९४० ला, नॉर्वेजवळ 'ग्लोरियस' दोनच विनाशिका सोबत घेऊन परतत होती. टेहळणीसाठी एकही विमान हवेत नव्हतं. समोरून दोन जर्मन युद्धनौका आल्या. तिन्ही जहाजं बुडाली, पंधराशेहून जास्त माणसं गेली. मग ९ एप्रिल १९४२. आपल्या शेजारी, श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ 'हर्मिस'. सोबत 'व्हॅम्पायर' नावाची एकच विनाशिका, आणि विमानवाहू नौकेवर विमानंच नाहीत, ती किनाऱ्यावर राहिलेली. जपानी विमानांनी दोन्ही जहाजं बुडवली.

तीन नौका, तीन वर्षं, आणि दर वेळी नौका मोठी अन् सोबत तोकडी.

अमेरिकेने यातून सगळ्यात पक्की घडी बसवली. त्यांच्याकडे अकरा विमानवाहू नौका आहेत. २००४ च्या सुमारास त्यांनी 'बॅटल ग्रुप' हे नाव सोडून 'स्ट्राइक ग्रुप' म्हणायला सुरुवात केली. नावापेक्षा कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. ताफ्याचा प्रमुख एक रिअर अ‍ॅडमिरल. नौकेचा कॅप्टन वेगळा. नौकेवरच्या सत्तरेक विमानांचा प्रमुख वेगळा. विनाशिकांच्या पथकाचा प्रमुख वेगळा, आणि पाणबुडीचा माग त्याच्याकडे. हवाई संरक्षणाचा प्रमुख हा परंपरेने ताफ्यातल्या क्रूझरचा कॅप्टन. म्हणजे आभाळातून काही आलं तर निर्णय मोठ्या नौकेवरचा माणूस घेत नाही, बाजूच्या छोट्या जहाजावरचा घेतो, कारण ते काम त्याचं आणि त्यासाठीची यंत्रणा त्याच्याकडे. आपल्या गावातल्या कुठल्याही संस्थेत अध्यक्षाशिवाय पान हलत नाही. त्या अध्यक्षांनी ही वाटणी एकदा वाचावी. (मी हे गंभीरपणे म्हणतोय. मोठ्याने सगळं स्वतःच्या हातात ठेवलं की हल्ला बाजूने होतो.)

आणखी एक. अमेरिकेच्या नौका अणुऊर्जेवर चालतात, त्यांना स्वतःसाठी तेल लागत नाही. पण वरच्या विमानांना लागतं, सोबतच्या विनाशिकांना लागतं. म्हणून अणुनौकेच्या मागेही तेलाचं जहाज असतंच.

ब्रिटनकडे आज ६५ हजार टनांच्या दोन नौका आहेत. पण सोबत द्यायला स्वतःची जहाजं पुरत नाहीत, म्हणून ते मित्रांची घेतात. २०२१ मध्ये 'क्वीन एलिझाबेथ' निघाली तेव्हा ताफ्यात एक अमेरिकन विनाशिका आणि एक डच फ्रिगेट होती. नौकेवरच्या अठरा एफ-३५ विमानांपैकी दहा अमेरिकन मरीन दलाची होती. हाच ताफा त्या ऑक्टोबरात आपल्या कोकण किनाऱ्यावर 'कोकण शक्ती' सरावाला आला होता. मित्राचं जहाज सोबत असणं चांगलंच. पण मित्राचं सरकार बदललं, मित्राचं मत बदललं, तर? फ्रान्सकडे एकच आहे, 'शार्ल द गॉल'. ताफ्याची मांडणी नेटकी: हवाई संरक्षणाची फ्रिगेट, पाणबुडीविरोधी फ्रिगेट, अणुपाणबुडी, रसदजहाज. जानेवारी २०२५ मध्ये ती गोव्याला येऊन गेली. पण एकच असली की दुरुस्तीला गेली म्हणजे देश रिकामा. २०१७-१८ मध्ये दीड वर्ष तसं झालं.

रशियाने आपल्या 'कुझनेत्सोव'ला विमानवाहू नौका म्हटलंच नाही, 'विमानवाहू क्रूझर' म्हटलं. तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून विमानवाहू नौकांना वाट न देणारा १९३६ चा मॉन्ट्रो करार हे त्याचं एक कारण. दुसरं कारण विचाराचं होतं. तिचं काम दूर जाऊन हल्ला करणं नव्हे, तर आपल्या अणुपाणबुड्या जिथे दबा धरून असतात त्या समुद्राची राखण करणं. म्हणून तिच्या पोटात विमानांबरोबर मोठी जहाजविरोधी क्षेपणास्त्रंही बसवली. एका जहाजाने सगळं करायचं, हा तो मार्ग. २०१६ मध्ये ती सिरियाकडे निघाली तेव्हा वाटेत बंद पडलीच तर ओढायला टगबोट सोबत होती. मग दुरुस्तीत तिची तरंगती गोदी बुडाली, २०१९ मध्ये तिला आग लागली. सगळं एका अंगावर घेतलेल्या जहाजाची ही गत.

चीनची गोष्ट मात्र डोळ्यांत अंजन घालून वाचावी. पहिली नौका 'लिआओनिंग' २०१२ ला, 'शान्दोंग' २०१९ ला, 'फुजियान' ५ नोव्हेंबर २०२५ ला. जग हे तीन आकडे मोजतं. मी बघतो ते मधल्या वर्षांत काय झालं ते. या काळात चीनने विनाशिकांची रांग लावली, आणि २०१७ मध्ये खास विमानवाहू ताफ्यांच्या मागे त्याच वेगाने चालेल असं ४० हजार टनांहून मोठं रसदजहाज दाखल केलं. आधी शिध्याची गाडी, मग पुढच्या पालख्या.

हे शहाणपण आपल्याला परक्याने शिकवायची गरज नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, मराठी आरमाराची घडी लिहून ठेवलेली आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, आणि सगळ्या सुभ्यांवर एक सरसुभा. गुराब मोठी, जड तोफांची. गलबत लहान, वल्ह्यांचं, चपळ. वारा पडला की गलबतं पुढे होऊन गुराबांना ओढून न्यायची. एका मोठ्यामागे तीन लहान, हा हिशोब आमच्याच माणसाने मोडीत लिहिला. आणि त्याच आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, असंही बजावलेलं आहे, कारण ती झाडं तिने लेकरांसारखी वाढवलेली. ताफ्याची रसद रयतेच्या घरातून येते आणि रयत मोडली तर ताफाही मोडतो, हे त्या माणसाला कळत होतं.

नौदलाच्या नव्या झेंड्यावर २ सप्टेंबर २०२२ ला शिवरायांच्या राजमुद्रेचा अष्टकोन आला. माझी छाती भरून आली होती, खोटं सांगत नाही. पण अष्टकोनाबरोबर पाच-पंधराचा हिशोबही यायला हवा.

आपल्याकडे तो हिशोब नडला कधी आणि तारला कसा, हे १९७१ च्या युद्धात दिसतं. जुनी 'विक्रांत' तेव्हा आजारी होती. चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले, वेग उतरलेला. पश्चिमेला पाकिस्तानच्या नव्या फ्रेंच पाणबुड्या. तिथे पाठवली तर बळी जाण्याची भीती. म्हणून ती पूर्वेला, अंदमानात नेऊन दडवली. पूर्व विभागाचे प्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन. त्यांनी काय केलं? मोडीत निघायला आलेली 'राजपूत' ही जुनी विनाशिका घेतली आणि तिच्याकडून 'विक्रांत'च्या थाटाचे संदेश पाठवायला लावले. विशाखापट्टणमच्या कंत्राटदाराकडे मोठ्या ताफ्याला पुरेल एवढ्या भाजीपाल्याची, मांसाची मागणी नोंदवली, म्हणजे हेरांना वाटावं की 'विक्रांत' इथेच आहे. तिला शोधायला आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली. आणि खरी 'विक्रांत', 'ब्रह्मपुत्रा', 'बियास', 'कामोर्ता' अशा जहाजांच्या सोबतीने, ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर विमानं सोडत राहिली.

युद्ध 'विक्रांत'च्या नावावर लागलं. एका म्हाताऱ्या विनाशिकेने आणि भाजीच्या यादीने तिला वाचवलं, हे किती जणांना माहीत आहे? गंगाखेडच्या घाटावरून वाहणारी आपली गोदावरी त्याच बंगालच्या उपसागराकडे जाते. परभणीला समुद्र नाही असं म्हणणाऱ्याने नदीच्या वाहण्याची दिशा तरी बघावी.

मोठ्या नौकेवरचं प्रेमही आपण शेवटपर्यंत निभावलं नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली 'विक्रांत' मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ ला ते बंद पडलं, २०१४ ला ती भंगारात गेली आणि मुंबईच्याच दारूखाना भागात तोडली. 'विराट' या विमानवाहू नौकेसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला, सिंधुदुर्गात तिचं संग्रहालय होणार होतं. २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर तुटायला गेली. ही 'विराट' म्हणजे १९८२ च्या फॉकलंड युद्धातली ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका, नवी 'हर्मिस'. तिच्या ताफ्याकडे आभाळातून दूरचं पाहणारं रडारचं विमान नव्हतं, म्हणून विनाशिकांनाच पुढे उभं राहून पहारा द्यावा लागला. त्यातली 'शेफिल्ड' ४ मे रोजी क्षेपणास्त्राने पेटली. हा धडा जिच्या अंगावर लिहिला होता ती नौका तीस वर्षं मुंबईत होती. महाराष्ट्राच्या एका पिढीला तो तिच्या डेकवर उभं राहून शिकता आला असता.

आता आजचं. सप्टेंबर २०२४ मध्ये नवी 'विक्रांत' पश्चिमी ताफ्यात दाखल झाली आणि तिथे 'विक्रमादित्य'सह दोन विमानवाहू नौका झाल्या. आपल्याकडे अमेरिकेसारखा प्रत्येक नौकेला बांधलेला कायमचा ताफा नाही. पश्चिमी ताफ्यातली जहाजं कामाप्रमाणे तिच्याभोवती लावली जातात. मे २०२५ मध्ये उत्तर अरबी समुद्रात असा ताफा उभा राहिला, आणि ते काम नौदलाने चोख केलं. सोबत देणाऱ्या उत्तम विनाशिका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आहेत: 'कोलकाता' वर्गातल्या तीन, 'विशाखापट्टणम' वर्गातल्या चार, शेवटची 'सुरत' १५ जानेवारी २०२५ ला आली. मराठी कामगारांच्या हातची जहाजं. त्यांचा देखावा अजून कुठल्या मंडळाने केलेला मी पाहिला नाही.

पण याच विनाशिकांना दुसरंही काम आहे. लाल समुद्रात हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा धावून गेली ती यांतलीच. मार्च २०२४ मध्ये 'कोलकाता'ने अपहरण झालेलं 'रुएन' जहाज सोडवलं, १७ खलाशी वाचवले आणि ३५ चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. त्याच काळात डीएपी खताची जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून येत होती. त्या वर्षीच्या रब्बीत मी स्वतः एका खताच्या दुकानासमोर सकाळी सहापासून रांगेत होतो, आणि दोन गोण्या घेऊन परतलो. हरभऱ्याची पेरणी थांबत नाही. तेव्हा रांगेत सगळे दुकानदारावर चिडले होते. समुद्रावर कोणी चिडलं नाही, कारण समुद्राचा आणि आपला संबंध आहे हेच कोणी सांगितलेलं नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून येतं, खाद्यतेलही निम्म्याहून जास्त. बहुतेक सगळं जहाजाने. जी विनाशिका खताच्या वाटेवर पहारा देते, तीच विमानवाहू नौकेलाही सोबत द्यायची. एका वेळी एकाच ठिकाणी.

म्हणून तिसरी विमानवाहू नौका हवी की नको, हा वाद मला अर्धवट वाटतो. हवी. एक समुद्रात, एक तयारीत, एक दुरुस्तीत, हे गणित बरोबर आहे. 'विक्रमादित्य'च्याच दुरुस्तीसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये १२०७ कोटींचा करार झाला. पण तिसरीबरोबर तिच्या गलबतांचे पैसे मागितले का, हे विचारा. पाच रसदजहाजांचा करार विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, सुमारे १९ हजार कोटींचा, प्रत्येक जहाज ४४ हजार टनांचं. ही बातमी मला तरी कुठे पहिल्या पानावर दिसली नाही. 'विक्रांत'साठी २६ राफेल विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, ती पूर्ण यायला २०३० उजाडणार. नौका आली २०२२ ला. आठ वर्षांचं हे अंतर कोणत्याही खासदाराने लोकसभेत रोज विचारावं असं आहे, आणि परभणीच्या खासदारानेही विचारावं. समुद्र फक्त रत्नागिरीच्या खासदाराचा नाही.

२०२५ च्या गणपतीत पोरांनी पुन्हा देखावा केला. या वेळी मीही दोन संध्याकाळी त्यांच्यात बसलो. मध्ये 'विक्रांत', भोवती चार विनाशिका, दोन फ्रिगेटी, ताडपत्रीखाली अर्धी बुडालेली पाणबुडी. रसदजहाज सगळ्यात धाकट्याने केलं, त्याच्यापासून 'विक्रांत'पर्यंत सलाइनची नळी लावून त्यात रंगीत पाणी सोडलं. लोक त्या नळीपाशीच जास्त वेळ थांबत होते.

मोठा पोरगा तोवर अकरावीत गेला होता. माझ्या वहीतली यादी तो बघत होता. शेवटी लिहिलं होतं, 'सुरुंग काढणारं जहाज'. शत्रूने बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरले तर ते शोधून काढल्याशिवाय मुंबई काय, कारवार काय, एकही जहाज बाहेर पडू शकत नाही. असं शेवटचं जहाज, 'कोझिकोड', आपल्या नौदलातून एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झालं. नवी घ्यायला संरक्षण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये प्राथमिक मंजुरी दिली.

"हे करायचं राहिलं काका," तो म्हणाला. पुठ्ठा शिल्लक होता. त्याने कात्री उचलली, आणि मग थांबून विचारलं, "सध्या आपल्याकडे असं आहे का एखादं? बघून करतो."

मी नाही म्हणालो. त्याने कात्री खाली ठेवली.